पाण्याले विचारणारे ठमकेमामा

मी आज जो काही आहे तो किसनजी ठमके यांच्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी वाचताना थोडं हसू येईल, आणि ज्याच्यावर हसायचं त्याचे उपकार आधी सांगावेत असं मला वाटतं.

ठमके राळेगावात एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आमच्याकडे परिचराला मामाच म्हणतात. निवृत्त झाले तरी अख्ख्या गावाचे ते मामाच राहिले.

मामा कोणाच्याही घरी गेले की पाणी लगेच पीत नाहीत. ग्लास उजेडाकडे धरतात, हुंगतात, एक घोट जिभेवर फिरवतात आणि मग त्या पाण्याची कुंडली सांगतात. ‘‘हे बोअरचं हाये. दोन दिवसांपासून टाकीत हाये. अन् ब्लिचिंग कोणीतरी अंदाजानं टाकलं.’’ चहा येईपर्यंत घरच्यांचा चेहरा उतरलेला असतो.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते केळापूरला गेले होते. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि मामा ग्लास नाकाशी धरून बसलेले. ‘‘तुमच्या टाकीले झाकण नाई,’’ ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. वडील उठून गच्चीवर गेले आणि थोड्या वेळानं एक मेलेली चिमणी कागदात धरून खाली आले. सोयरीक जुळली. ते वडील आजही म्हणतात, ‘‘पोरगी पाह्यले आले अन् टाकी पाहून गेले.’’

‘आधी पाण्याले विचार’ हे मामांचं पालुपद. पोट दुखलं, डाळ शिजली नाही, मोगऱ्याला कळी आली नाही, कशावरही त्यांचं उत्तर हेच. बारावीत त्याच शाळेत प्रात्यक्षिकाच्या वेळी मी दोन द्रावणं एकदम ओतायला निघालो होतो, तेव्हा काचेच्या नळ्या धुता धुता ते हळूच म्हणाले होते, ‘‘घाई काहून करतं? रंग बदलला का नाई, तेवढंच पाह्य. अन् एका वेळी एकच गोष्ट बदलवत जा. दोन बदलवल्या त कोणतीनं काम केलं, हे कोणाले विचारशीन?’’ आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. कॉलेजचा अर्ज मामांनी भरला आणि सायकलवर मला डबलसीट नेऊन तो दाखलही त्यांनीच केला. आता मी यवतमाळला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. मामांचंच काम मी पदवी घेऊन करतो, असं म्हटलं तरी चालेल.

नोकरीत कायम झालो तेव्हा मामांना काहीतरी द्यावंसं वाटलं. धोतरजोडी ते परत करतील याची खात्री होती. म्हणून नागपूरच्या एका दुकानातून काचेची लहान टाकी, थोडं शेवाळ आणि वीस लाल झिंगे आणले. नखाएवढे, गोड्या पाण्यातले, नुसते पाहायचे.

मामांनी टाकीभोवती एक चक्कर मारली. ‘‘हे खायाचे नाई?’’

‘‘नाही मामा.’’

‘‘मग करते काय हे दिवसभर?’’

‘‘फिरतात. शेवाळ खातात.’’

‘‘आपल्या ग्रामपंचायतीसारखं हाये मंग,’’ मामा म्हणाले आणि टाकी खिडकीच्या उन्हातून उचलून बाजेजवळच्या सावलीत ठेवली. भेट स्वीकारल्याची ती खूण होती.

आठवडाभरात त्यांना एक झिंगा तळाशी मेलेला दिसला. पारदर्शक, पोकळ. मामांनी तो चिमट्यानं उचलला, मोगऱ्याच्या कुंडीत पुरला आणि दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मोजले तर वीस भरले. पुन्हा मोजले, वीसच. मला फोन आला तेव्हा मी सांगितलं की झिंगे सापासारखी कात टाकतात, मामांनी कात पुरली. फोनचा स्पीकर चालू होता, कारण मामांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. पलीकडून एक हसू ऐकू आलं. ते शांतामामींचं होतं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

मामींविषयी सांगायला हवं. त्यांना मूलबाळ नाही. दोघांत भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. ‘‘जेवता का?’’ ‘‘वाढ.’’ एवढ्यात दिवस संपायचा. शाळा होती तोवर मामांना काचेच्या नळ्यांशी बोलायची सवय, आणि मामी भिंतीशी पाठ लावून तुरीची डाळ निवडत बसायच्या. झिंगे आल्यावर मामी टाकीजवळ बसू लागल्या. ‘‘अवो, त्या मोठीच्या पोटाखाली अंडे हायेत,’’ एक दिवस त्या म्हणाल्या. मामा धावत आले. दोघं टाकीला नाक लावून अंडी मोजत बसले आणि चुलीवरचा भात करपला. करपलेल्या भाताचं मामांनी मला इतकं कौतुकानं सांगितलं की जणू घरात बारसं होतं. पिल्लं झाली, विसाचे चाळिसाच्या वर गेले. शेजारचे सदाशिवराव रोज कुंपणावरून विचारायचे, ‘‘ठमकेजी, चटणी कधी करता?’’ मामी आतून उत्तर द्यायच्या, ‘‘तुमच्या तेराव्याले.’’

मग एप्रिलमध्ये झिंगे मरायला लागले. रोज एक, कधी दोन. आणि ती कात नव्हती.

मामांनी तपास सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असतं, म्हणून पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवून मग टाकीत घालायला लागले. मरणं थांबलं नाही. बोअरचं पाणी जड, म्हणून ते बंद केलं. थांबलं नाही. खायला टाकायचे दाणे कमी केले, तळाची घाण नळीनं ओढून काढली, ऊन चढलं तसं टाकीला ओलं फडकं गुंडाळलं. स्वतः पंख्याशिवाय बसले आणि पंखा टाकीकडे वळवला. शाळेतल्या जुन्या लिटमस कागदाची एक पुडी ट्रंकेत निघाली, तीही संपवली.

मला यष्टीच्या कंडक्टरच्या हाती बाटल्या यायला लागल्या. प्रत्येकीवर मामांचं कोरीव अक्षर : ‘ठमके. घरचं. बादलीतून. सकाळी सात. हात धुऊन भरलं.’ मी सगळं तपासायचो आणि कळवायचो, पाणी चांगलं आहे. ‘‘पाणी चांगलं हाये त मरून काहून राह्यले?’’ मामा विचारायचे. मी पुन्हा तेच तपासायचो.

झिंगे अकरा उरले. मामींनी टाकीजवळ बसणं सोडलं. पुन्हा भिंत, पुन्हा तुरीची डाळ. मामा फोनवर म्हणाले, ‘‘झिंग्याइचं काय, चिमूटभर जीव. पण हे बाई पुन्हा मुकी होऊन राह्यली बाप्पा.’’

मी रविवारी राळेगावला गेलो. सकाळी मामा दूध आणायला गेले होते. मामी स्वयंपाकघरातून तांब्याची घागर घेऊन आल्या. चिंचेनं घासून लखलखीत केलेली, माहेरून आलेली. रात्रभर तिच्यात ठेवलेलं पाणी त्यांनी लोट्यात घेतलं, दोन घोट स्वतः प्यायल्या, एक ग्लास मामांसाठी झाकून ठेवला आणि उरलेलं अलगद टाकीत ओतलं.

‘‘रोज टाकता, मामी?’’

‘‘उन्हानं पाणी आटते ना. अन् मरून राह्यले बिचारे. म्हटलं, आपण तांब्यातलं पितो, त त्याइलेही चांगलं पाणी पायजे.’’

त्या दिवशी मी पहिल्यांदा बादलीतलं नव्हे, टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं. सोमवारी त्यात तांबं उतरलं आहे का ते तपासलं, जे इतके दिवस मला सुचलंच नव्हतं. तांबं होतं. माणसाला त्याचं काही नाही, झिंग्याला तेवढं पुरे. पाणी उन्हानं उडून जातं, तांबं मागे राहतं, आणि रोज एक लोटा वाढतं.

आता मामींच्या कानावर न जाता सांगायचं कसं? फोन केला तर स्पीकर. पत्र लिहिलं तर मामी वाचू शकत नाहीत म्हणून मामा आलेलं प्रत्येक पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, अगदी वीज बिलाची नोटीससुद्धा. आणि खोटा अहवाल मी लिहू शकत नाही. ते मामांनी मला शिकवलेलंच नाही.

मंगळवारी कंडक्टरनं एक बाटली दिली. चिठ्ठीवर ‘टाकीतून’ असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात :

‘तांबं पाह्य. निंगनच. घागर मी काल पाह्यली, लोटाही पाह्यला. तीस वर्षं मोरचुदाच्या बाटल्या पुसल्या, मोरचूद म्हंजे तांबंच, अन् घरची घागर नाई सुचली. निकाल फोनवर नोको सांगू. पत्र लिही, पण मी ते तिले वाचून दाखवणार हावो, हे ध्यानात ठेवून लिही. खोटं एक अक्षर नोको. झिंगे वाचले त बरं. पण तिनं टाकीतून हात काढला नाई पायजे.’

प्रयोगशाळेत मी रोज अहवाल लिहितो. इतका वेळ एकाही अहवालाला लागला नव्हता. शेवटी हे पाठवलं :

ती. मामा आणि ती. मामी यांना सा. नमस्कार.

टाकीतलं पाणी तपासलं. त्यात तांबं उतरलं आहे. तांब्यातलं पाणी माणसाला मानवतं, पण झिंग्यांना ते सोसत नाही. ही गोष्ट टाकी देताना मी सांगायला हवी होती. मी सांगितली नाही आणि पुढे इतक्या बाटल्या आल्या तरी तपासलीही नाही. चूक माझी आहे.

सगळं पाणी एकदम बदलू नका, झिंगे घाबरतील. रोज दोन लोटे जुनं काढायचं आणि बादलीत दोन दिवस ठेवलेलं दोन लोटे नवीन घालायचं. लोटा स्टीलचा घ्यावा. हे काम मामींनीच करावं. मामांचा हात जोराचा आहे, तळ ढवळला जातो. मामी पाणी ओततात तेव्हा तळाचा एकही कण हलत नाही, हे मी रविवारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. घागरीतलं पाणी तुम्ही दोघांनी प्यावं. मामांचा ग्लास रोज झाकून ठेवलेला असतो, तसाच राहू द्यावा.

मामी, अकरांपैकी एकीच्या पोटाखाली मला अंडी दिसली. माझी नजर तुमच्याइतकी पक्की नाही. मोजून कळवा.

पुढच्या आठवड्याची बाटली तुम्ही भरा. वरच्या कागदावर मामांनी ‘ठमके’ एवढंच न लिहिता ‘सौ. शांता ठमके, स्वतःच्या हातानं भरलं’ असं लिहावं. अहवाल मी त्याच नावानं पाठवीन.