जैदच्या मेंढ्याची मुंडी

हे मी सांगणार नव्हतो. पण आमच्या चिरंजीवांनी, सागरनं, त्यांच्या कतारमधल्या, दोहा शहरातल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाला परस्पर शब्द देऊन टाकला. "आप्पा, तो मुंडीचा किस्सा लिहा, लोक हसतील." लोकांना हसायला माझंच डोकं बरं सापडतं. चौथीत शाळा सुटली माझी (शाळेनंच सोडलं म्हणा), तेव्हा शुद्धलेखनाला हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

सिन्नरहून मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. दोह्याच्या अल सद्द भागातला फ्लॅट. सकाळी सागर आणि सूनबाई ममता ऑफिसला, नात शाळेत, आणि मी एसीखाली, फ्रिजमध्ये ठेवल्यासारखा. भाजी आणू? "आप्पा, ऑनलाइन येते." नळ गळतोय, बघू? "आप्पा, मेंटेनन्सवाला येईल." माणसाला कोणी कामच सांगेना, तर माणूस हवा कशाला?

अशात सागरच्या ऑफिसातल्या जैदनं पहिली शिकार केली. कतारी पोरगा, तिशीतला, पण मला बघून उठून उभा राहणारा. त्याच्या चुलत्याचं शहराबाहेर कुंपण घातलेलं रान आहे, त्यात डोंगरी मेंढे पाळलेत. म्हातारे नर रीतसर परवाना काढून मारतात. त्या दिवशी जैद, आम्ही बापलेक आणि तिथले गडी, एवढेच होतो. जैदनं खांद्यामागं एकच गोळी घातली. मेंढा जागच्या जागी बसला.

गडी मांड्या आणि पाठ काढून बाकीचं कुत्र्यांना टाकायला निघाले. मान, नळ्या, बरगड्या, सगळं! माझा जीव तुटला. "अरे रुको!" म्हणून सुरी हिसकावली आणि तासाभरात सात-आठ किलो मटण वाचवलं.

"चाचा, आप तो उस्ताद हैं!" जैद म्हणाला. (इथंच माझं बिघडलं. उस्ताद मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.)

मग कळलं, की जैदच्या आजोबांच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, घरातल्या प्रत्येकाच्या पहिल्या शिकारीची कवटी भिंतीवर लागते. पुढच्या शुक्रवारी जैदची लागायची होती. खिळासुद्धा मारून ठेवलेला. पण कवटी साफ करणारा माणूस सुट्टीवर.

"मैं करता हूँ," मी म्हणालो.

सागर कुजबुजला, "आप्पा, तुम्हाला येतं?"

"शंभर मुंड्या साफ केल्यात तुझ्या बापानं."

"त्या खायच्या होत्या, आप्पा. ही टांगायची आहे."

"मुंडी ती मुंडी."

जैदनं नीट समजावलं होतं. मंद आच, ब्लीच नको, आणि भेजा मागच्या भोकातून तारेनं ढवळून पाण्यानं काढायचा. मी मान डोलावली.

घरी आल्यावर कातडं काढलं, डोळे काढले, जीभ काढली. राहिला भेजा. तार घेतली आणि हात थांबला. ढवळायचा म्हणजे भेज्याचं ताक करून सिंकमध्ये ओतायचं! आमच्याकडं मुंडी ओंडक्यावर ठेवतात, मधोमध एक घाव, भेजा अख्खा हातात. म्हटलं, शिंगांच्या मधून नाजूक चीर द्यावी, भेजा काढावा, परत चिकटवावं. भिंतीवरची रेघ कोण बघतंय? (दुसऱ्याचं डोकं हातात असलं की आपलं चालत नाही.)

सत्तूर टेकवला, वरून बत्ता हाणला. काही नाही. बोकड असता तर उकलला असता. ह्याचा जन्म टकरा देण्यात गेलेला. तिसऱ्यांदा जीव खाऊन हाणला, तर दोन शिंगं दोन दिशांना आणि नाकाचं हाड फ्रिजखाली.

भेजा मात्र अख्खा निघाला. कांद्यावर परतून सगळ्यांना वाढला.

मग दोन दिवस कवटी शिजवली.

"आप्पा, हे माझ्या बिर्याणीच्या पातेल्यात?" ममता किंचाळली.

"दुसऱ्यात शिंगं मावत नाहीत."

"आणि वास? खालचा वॉचमन विचारून गेला, घरात काय झालंय म्हणून."

"सांग, सासरा आलाय."

खरवडली, औषधानं पांढरी केली, दोन ट्यूबांच्या गोंदानं जोडली. लांबून बरी दिसत होती. (लांबून मीही बरा दिसतो.)

सागरनं जवळून पाहिली. "आप्पा, हा मेंढा तिरळा होता का? थांबा, जैदला फोन करून खरं सांगतो."

"खबरदार! माझी इज्जत आहे."

शुक्रवारी दुपारी पंधरा-वीस माणसं मजलिसीत कॉफी घेत बसलेली. कवटी आजोबांच्या मांडीवर ठेवली. आणि तेव्हा मला कळलं, की म्हाताऱ्याला दिसत नाही. तो बोटांनी बघतो. बोटं शिंगांवरून उतरली, कपाळावर आली आणि रेघेवर थांबली. जरा दाबलं, तर नाकाचं हाड त्यांच्या हातात.

त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. जैदनं कवटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कॉफीच्या कपात पाहिलं.

जैद दोन शब्द बोलला आणि सगळी खोली हसली. कोणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"काय म्हणाला रे?"

सागरनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "म्हणाला, गोळी डोक्यात लागली. नेम चुकला."

एका गोळीत मेंढा बसवणारा पोरगा, माझ्यापायी आजोबांसमोर नेम नसलेला ठरला. मला हिंदी येतं. 'मैंने तोड़ा', दोनच शब्द होते. मी आणखी एक खजूर उचलला.

आजोबांनी हाड जैदच्या हातात दिलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. खिळा तसाच राहिला.

दारात जैदनं माझा हात धरला. "खलास, चाचा." म्हणजे झालं गेलं, सोडून द्या. मग हळूच, "भेजा अच्छा था?"

त्यानं शिवी दिली असती तर मी त्या दिवशी जेवलो असतो.

"फोन लावू जैदला?" सागर रोज विचारायचा. मी रोज "उद्या" म्हणायचो. तीन महिने संपले, मी सिन्नरला आलो. आता इथून लिहितो, जैद, माझं चुकलं. (मराठीत लिहितोय, म्हणजे त्याला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे.)

पण एक माफी मलाही यायची आहे. त्या शुक्रवारी घरी आल्यावर मीच म्हटलं, "काही म्हणा, भेजा तरी वाया गेला नाही."

तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "खरं सांगू आप्पा? खारट झाला होता. आम्हा तिघांचा मी डस्टबिनमध्ये टाकला."

मला माफी यायची आहे ती हिच्याकडून. ममताकडून.