बुंध्याचा चिमटा

“वेंकोबराव, दार उघडा! बादलीत कुणाला विरघळवताय ते मला कळलंय!”

मूर्ती ओरडत होते. कन्नडमध्ये ओरडत होते, आणि माझं कन्नड रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतंच असल्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल; पण ‘विरघळवताय’ नक्की होता. मूर्ती म्हणजे आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीचे सेक्रेटरी. ते तळमजल्यावर खाकरले तर गच्चीवरच्या टाकीत लाटा उठतात. त्या रविवारी सकाळी ते दुसऱ्या मजल्यावर होते आणि त्यांच्याकडे पुरावा होता: माणूस एकटा, कपडे सगळे खाकी, पांढरा एकही नाही, आणि महिनाभरात घरी आलेल्या ब्लीचच्या अकरा बाटल्या.

दार उघडलं. आत काटकीसारखे वेंकोबअण्णा, कमरेला पंचा, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात चिमटा.

“सगळं नाही विरघळवत,” ते शांतपणे म्हणाले. “तुरीच्या डाळीएवढंच.”

मूर्तींनी कठडा धरला. मी मूर्तींना धरलं.

मी अण्णांच्या अगदी खालच्या घरात राहतो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. सकाळी गुळगुळीत दाढी करून निघतो आणि पोचेपर्यंत ती इतकी वाढते की गेटवर रोज नव्यानं ओळखपत्र दाखवावं लागतं. अशा माणसाला शेजाऱ्यांच्या भानगडीत पडायला वेळ नसतो असं तुम्हाला वाटेल. रूपावर जाऊ नका. हे माझं नाही, अण्णांचं वाक्य. दूधवाला, पंचांग, हवामानखातं, लोकांचे जावई, सगळ्यांना ते हेच लावतात. दुसरं वाक्य त्याहून वाईट. तुम्ही काहीही सांगा, अगदी आज सोमवार आहे म्हणा, अण्णा भिंगातून तुमच्याकडे बघणार आणि म्हणणार, “हाडं दाखवा.”

आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी मला जिन्यात थांबवून त्यांच्या घरच्या मराठीत गाव विचारलं. मी नागपूर सांगितलं. महिन्याभरानं माझी आई आली, तर ती भाजी घेऊन वर येत असताना तिलाही तोच प्रश्न. तिनंही नागपूर सांगितल्यावर अण्णांनी समाधानानं मान हलवली. “वरचा चिमटा झाला होता. आज बुंध्याचा झाला.” तेव्हापासून ते मला ‘नागपूर’ म्हणतात. नमुना सापडला कुठे, हे त्यांच्या लेखी नावाहून महत्त्वाचं.

तर त्या सकाळी मूर्ती आत शिरले आणि खुर्चीत कोसळले. भिंती दिसतच नव्हत्या. जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत काहीतरी फिक्कट, सुरकुतलेलं, बोटं असलेलं. मला विचाराल तर दहा हजार बाटल्या होत्या. यादी केली तेव्हा एकशे बारा भरल्या, पण यादीला काय कळतं.

“मऊ प्रवाळ,” अण्णा म्हणाले. समुद्र बघायचा तर ज्या गावातून घाट उतरून दिवसभर जावं लागतं, त्या गावात या माणसानं जन्मभर समुद्रातल्या या एकाच प्राण्याचा अभ्यास केला होता. त्यांनी अळंबीसारखी टोपी असलेली एक बाटली मूर्तींच्या नाकासमोर धरली.

“हे एक जनावर नाही. सोसायटी आहे. हा देठ, म्हणजे आपला जिना. वरची टोपी, म्हणजे घरं. प्रत्येक घराला एक तोंड आणि तोंडाभोवती आठ हात. सात नाही, नऊ नाही. प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी पिसासारखी झालर. आतून सगळ्यांची पोटं नळ्यांनी जोडलेली. एक जेवला की शेजाऱ्याला पोचतं.”

“आमच्याकडे वास तेवढा पोचतो,” मूर्ती म्हणाले.

“स्वल्प थांबा. हातवाल्यांच्या मध्ये हे बारके ठिपके दिसतात? यांना धड हात नाहीत. हे शिकार करत नाहीत, मिरवत नाहीत. जन्मभर नुसतं पाणी ओढून सगळ्यांना पुरवतात.”

उन्हाळाभर टँकरच्या मागे धावून मूर्तींची चप्पल झिजली होती. ते त्या ठिपक्यांवर वाकले.

“सेक्रेटरी,” ते हळूच म्हणाले.

मग ब्लीचचा उलगडा झाला. या प्राण्याच्या रंगावर जायचं नाही, कारण जांभळा असो की केशरी, स्पिरिटमध्ये घातल्यावर आठवड्यात कोऱ्या चहासारखा होतो. आकारावरही जायचं नाही; लाटा जोराच्या असल्या तर एकच जात ठेंगणी वाढते, संथ पाण्यात बोटं लांब करते. खरी ओळख मांसात लपलेली. चुन्याचे काटे, डोळ्यांना न दिसणारे. डाळीएवढा तुकडा काचेवर ठेवून दोन थेंब ब्लीच टाकायचं. मांस विरघळतं, काटे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: कुणाचे गदेसारखे, कुणाचे सुताच्या चातीसारखे दोन्ही टोकांना निमुळते, कुणाचे डंबेलसारखे. अण्णा त्यांनाच हाडं म्हणत.

“आणि एकाच जागेचा तुकडा घ्यायचा नाही,” त्यांनी बजावलं. “वरच्या सालीत गदा असतात, बुंध्यात जाडजूड चात्या. वरचा चिमटा घेऊन नाव ठेवणारा गाढव. मी एकदा ठेवलंय. परक्या माणसानं बुंधा तपासून जगासमोर माझं नाव खोडलं.”

मूर्तींना हे सगळं पटलं आणि त्यांनी नोटीस लावली. शास्त्र शास्त्राच्या जागी, पण शेकडो लिटर स्पिरिट चुलीच्या बाजूला ठेवायचं नाही. महिन्याभरात बाटल्या बाहेर.

अण्णा भांडले नाहीत, हेच मला संशयास्पद वाटलं. जवळच्याच एका संशोधन संस्थेनं संग्रह घ्यायचं कबूल केलं. अट एकच: प्रत्येक बाटली तपासलेली हवी, तपासल्याशिवाय नोंद नाही. चार शनिवार मी त्यांच्याकडे यादी करायला बसलो. ते बाटली उघडत, आतली चिठ्ठी वाचत, मी लिहून घेई. चिठ्ठी बाटलीच्या आत असते आणि पेन्सिलीनंच लिहितात. शाई स्पिरिटमध्ये पळून जाते, शिसं टिकतं.

दुसऱ्या शनिवारी मी तांब्या घ्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि देव्हाऱ्यामागे मला एक बाटली दिसली. अंगठ्याएवढी. बाकीच्या बाटल्यांतलं स्पिरिट उडून गळ्याखाली उतरलेलं, हिच्यात काठोकाठ. म्हणजे कुणीतरी नेमानं भरत होतं. मी हात पुढे केला.

“तांब्या खाली आहे, नागपूर,” मागून आवाज आला.

पुढच्या शनिवारी बाटली देव्हाऱ्यामागे नव्हती. लोणच्याच्या बरण्यांत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तांदळाच्या डब्यात. (तिथे मी हात का घातला हे विचारू नका.) माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू. विष. हिरे. संस्थेला फसवून ठेवलेली, जगात एकमेव असलेली जात. आमची ही म्हणाली, “विचारा की सरळ.” सरळ विचारायचं असतं तर मी तीन शनिवार संशय कशाला घेतला असता?

बाटल्या न्यायच्या दिवशी संस्थेच्या बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या अण्णांच्या पाया पडल्या. खोकी भरली, एकशे बारा टिक झाल्या. मूर्ती शेवटची तपासणी म्हणून घरभर फिरले आणि तांदळाचा डबा पालथा घालून विजयी मुद्रेनं बाहेर आले.

“एक लपवलीये. मला पहिल्यापासून संशय होता.”

अण्णा उठले नाहीत. त्यांनी हातातला चिमटा पंच्याला पुसला, मग परत पुसला.

बाईंनी बाटली उजेडात धरली. आत करंगळीच्या पेराएवढं काहीतरी, आणि चिठ्ठी. शाळकरी, गोल अक्षर, अण्णांचं नव्हे. बाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून मी वाचली: ‘नवीन जात आहे. अक्काला सापडली.’

“थोरली बहीण,” अण्णा बाटलीकडे न बघता म्हणाले. “आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. हिनं वाढवलं. लग्न केलं नाही, माझ्या शिक्षणापायी. जन्मात एकदा समुद्र बघितला, माझ्याबरोबर. ओहोटीला लुगडं खोचून माझ्यापुढे खडकावर गेली. हे उचललं आणि म्हणाली, हे तुझ्या पुस्तकात नाही बघ. चिठ्ठीसुद्धा मला लिहू दिली नाही.”

बाईंनी ते इंग्रजीत समजून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, पाच मिनिटांचं काम आहे. एक वरून, एक बुंध्याचा. ब्लीच आहेच. खरंच नवीन निघाली तर त्यांचं नाव देता येईल.”

भिंती पहिल्यांदाच दिसत होत्या आणि बाटल्यांच्या जागी रंगाचे चौकोन उरले होते. ज्या माणसानं माझ्या आईचासुद्धा चिमटा घेतला, तो आपल्या बोटांतल्या चिमट्याकडे बघत होता.

“आणि नाही निघाली तर?” ते म्हणाले.

बाईंनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि यादी मिटली. राहिले मूर्ती. नोटीस त्यांची; एकही बाटली नाही असं तीत त्यांनीच दोनदा अधोरेखित केलं होतं. त्यांनी खिशातून वही काढली, चष्मा लावला, बाटलीकडे अगदी जवळून बघितलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “दुसरा मजला, वेंकोबराव. लिंबाचं लोणचं, बरणी एक.” मग वही खिशात घालून टँकरला फोन करत जिना उतरले.

संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन वर गेलो. बाटली उघडपणे देव्हाऱ्यात होती, कृष्णाच्या डाव्या हाताला, काठोकाठ भरलेली. अण्णा भिंतीवरचे रंगाचे चौकोन बघत बसले होते. मला राहवेना.

“अण्णा, इतक्या वर्षांत एकदा तरी काचेवर घेतली असेलच. अक्काचं बरोबर होतं का?”

“तपासलं नाही,” ते म्हणाले.