तात्या तांडेलांचं नाक

तात्या तांडेलांच्या होडीवर चढायचं तर आधी त्यांच्या नाकावर श्वास सोडावा लागे. ‘हा कर,’ ते म्हणत. दारूचा वास आला की एवढंच, ‘उतर.’

खलाशी लवंगा चावून येत, कच्चा कांदा खाऊन येत. तात्यांना त्यांची कीव यायची. गोव्याच्या कुणा डॉक्टरने समजावलेलं ज्ञान ते वाळूत बोटाने फुप्पुस काढून शिकवत. ‘दारू तोंडात नाय रे. पोटातसून रगतात जाता, रगत फुप्पुसात जाता, थयसून ती श्वासाबरोबर भायर येता. तोंड धुतलंस, रगत कशान धुतलंस?’

मी तेव्हा मालवणात दारूबंदीची पत्रकं वाटत हिंडायचो. कायदा झाला होता, पण किनाऱ्यावर तो चालवणारा माणूस एकच, तात्या. त्यांच्यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ‘बरा लिवलंस,’ ते म्हणाले. ‘पण फुप्पुस ऱ्हवला.’

एका सकाळी त्यांनी पास्कू नावाच्या खलाशाला उतरवलं. तो वाळूत तोंड पाडून बसला असतानाच फौजदार आले आणि त्याचं बखोट धरलं. पंचनाम्याला वास घेणारा पंच हवा. तात्यांच्या नाकाची कीर्ती चौकीपर्यंत गेलेली. पास्कूची म्हातारी आई मासळीची पाटी टाकून धावत आली. मुलगा घरी येणार की तुरुंगात जाणार, ते आता तात्या ठरवणार होते.

तात्यांनी दोनदा हुंगलं. मग कचेरीतल्या मराठीत म्हणाले, ‘साहेब, मला वास येत नाही. सर्दी झालीय.’

‘मग याला आत्ता का उतरवलंत?’

‘वल्हं नीट मारत नाही.’

फौजदारांनी इतरांकडे पाहिलं. सगळे खलाशी एकाएकी शिंकू लागले. पास्कू सुटला.

मी पेटलो. ‘तात्या, तुम्ही खोटं बोललात.’

‘बोललंय.’

‘आणि तत्त्व?’

‘पिलेलो माणूस दर्यात पडता, म्हणान उतरवतंय.’ ते पास्कूच्या आईची सांडलेली मासळी पाटीत भरू लागले. ‘माझ्या झीलाक, सख्ख्या पोराक, पण उतरवलंय. चार माणसांत. तो रागान गोंयात गेलो, तो परत येवक नाय. आता हिचो झील पण घालवू?’

मी दारूबंदीचा होतो, आजही आहे. तरी तेव्हा हातातली पत्रकं मी पिशवीत ठेवली.

त्या दिवशी होडी तात्यांविनाच गेली. त्यांनी पास्कूला आपल्या पडवीत बसवलं, घरात एका माणसापुरती शिजवलेली पेज सगळी त्याच्यापुढे ठेवली, आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून माश्या वारत राहिले.