चिंचेनं घासलेली बंदूक

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी पावणेअकराला गुरुदास गावडे कॉलेजातली पूजा आटोपून घरी आला, तेव्हा त्याची छऱ्याची बंदूक अंगणात पाटावर बसलेली होती. एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड, मधे ही. गळ्यात झेंडूची माळ, कपाळ म्हणता येईल अशा जागी हळदकुंकू. आणि ती चमकत होती.

चमकत होती हीच अडचण होती. आठ वाजता तो घरून निघाला तेव्हा ती काळी होती. नळीवर धुराचा जाड थर होता, लाकडी दस्त्यावर तेलकट मळ होता, आणि त्या मळावरच गुरुदासचं सगळं भवितव्य अवलंबून होतं.

गुरुदास रामनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता आणि जुन्या छऱ्याच्या बंदुका जमवायचा. झाडायचा नाही, आजवर त्यानं डब्यावरसुद्धा नेम धरला नव्हता. त्याचा नियम एकच होता : जशी मिळाली तशी ठेवायची. नवा स्क्रू नाही, पॉलिश नाही, गंजही खरवडायचा नाही. "वस्तू एकदाच जुनी होते," असं तो ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगायचा आणि न ऐकणाऱ्या बहिणीलाही, म्हणजे रक्षाला.

ही बंदूक त्याला पाच महिन्यांपूर्वी गुंद गावात कृष्णा वेळीप नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात मिळाली. चुलीच्या वर, तुळईला टांगलेली. "साठ वर्सं झाली, तिथंच हाय," म्हातारा म्हणाला, आणि गुरुदासच्या अंगावर काटा आला. त्यानं फोटो काढून बेळगावला सुमंगला हुक्केरींना पाठवले. मॅडम निवृत्त प्राध्यापक, विषय भौतिकशास्त्र. दसऱ्यानंतर दर वर्षी त्या जुन्या बंदुकांचं प्रदर्शन भरवायच्या. त्यात एक काचेची पेटी असे, तिच्यावर पाटी : 'जशीच्या तशी'. पेटीत दर वर्षी एकच बंदूक. गुरुदासच्या बंदुका तीनदा परत आल्या होत्या. एकीचा स्क्रू नवा निघाला, एकीला कुणीतरी पॉलिश केलं होतं, तिसरीचा दस्ता भलत्याच बंदुकीचा होता. या वेळी मॅडमनी स्वतः फोन केला. "खंडेनवमीला चार वाजता बघायला येते. मूळ मालकालाही बोलवा. साक्ष लागते."

त्या फोनपासून गुरुदास जमिनीवर नव्हता. आता तो पायरीवर बसला.

"आत्ती, ही कुणी घासली?"

पारूआत्ती, म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, सणासाठी खानापूरहून आली होती. ती हात पुसत बाहेर आली. "कोण घासणार? तुझ्या भनीची नखं खराब हुतात. मीच घासली."

"मी कपाटावर ठेवली होती. फडक्यात गुंडाळून."

"तेच म्हणते मी. आज समदी हत्यारं धुऊन पूजंला लागत्यात, आनि तू ही एवढी मळकी लपवून ठेवलीस. देवीला दिसत न्हाई व्हय?"

"कशानं घासली?"

"आधी राख लावली, निघंना. मग चिंच लावली. तरी बी कोपऱ्यात ऱ्हायलं, म्हणून दात घासायचा ब्रश घेतला."

"कुणाचा?"

"तुझाच. बंदूक तुझी, ब्रश दुसऱ्याचा कशाला?" आत्तीनं दस्त्यावरून मायेनं हात फिरवला. "लाकडाला खोबरेल बी लावलंय. आता कशी नवरीगत दिसतीय."

गुरुदासनं घड्याळ बघितलं. चारला सव्वापाच तास होते. साठ वर्षांचा थर सव्वापाच तासांत परत चढवायचा, म्हणजे दर तासाला सुमारे साडेअकरा वर्षं.

"चुलीवर होती न्हवं?" रक्षा म्हणाली. "मग चुलीवर टांग."

हे इतकं साधं होतं की गुरुदासला ते स्वतःला न सुचल्याचा राग आला. घरामागे न्हाणीची चूल होती. त्यानं बंदूक तारेनं वर टांगली, खाली ओली लाकडं घातली आणि फुंकायला बसला.

"सणाचं पूजंतलं हत्यार उचलतोस?" आत्ती मागोमाग आली. "आनि धूर कशाला करतोस?"

"काळी करायला."

"मी दोन तास घासली, ती काळी करायला?"

"आत्ती, ती काळी होती म्हणून मॅडम येतायत."

"शिकलेली हाय ना ती बाई?" आत्तीनं रक्षाला विचारलं.

तासाभरानं नळीच्या एका बाजूला चहा सांडल्यासारखा पिवळट डाग आला. बाकी सगळा धूर गुरुदासनं घेतला होता. डोळे लाल, भुवया राखाडी. बंदुकीपेक्षा तोच जास्त जुना दिसायला लागला होता.

तेव्हा त्याच्यातला रसायनशास्त्रज्ञ जागा झाला. हिरडा. हिरड्याचं पाणी लोखंडाला लागलं की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करायचे. शिवाय चिंचेनं लोखंड इतकं उघडं झालं होतं की ते जणू वाटच बघत होतं. आत्तीच्या पिशवीत पोटासाठी हिरड्याची पूड असायचीच. त्यानं ती सगळी उकळली, गाळली, कापसानं नळीवर लावली आणि श्वास रोखून बघत राहिला.

चार मिनिटांत नळी करडी झाली. दहा मिनिटांत काळी.

"रक्षा, बघ, बघ. अजून एक हात," गुरुदास नाचायचाच बाकी होता.

अजून एक हात दिला. मग अजून एक. मग रक्षा म्हणाली, "दादा, ही काळी न्हाई. निळी हाय."

ती खरंच निळी होती, शाळेच्या शाईसारखी, आणि शाईसारखीच ठिबकत होती. स्क्रूभोवती लाकडावर काळी कडी उमटली होती. गुरुदासचे हात कोपरापर्यंत, रक्षाची ओढणी, बादली, पायरी आणि कुतूहलानं जवळ आलेलं मांजर, सगळ्यांना एकच रंग लागला होता. त्यात थर अगदी एकसारखा बसला होता. साठ वर्षांत कुठलाही धूर इतक्या शिस्तीनं बसत नाही. म्हणून भावंडं फडकं घेऊन तो जागोजागी बेशिस्त करायला लागली, आणि तेवढ्यात दारात गाडी वाजली. तीनला वीस मिनिटं कमी होती.

"रस्ता मोकळा मिळाला," सुमंगला मॅडम उतरत म्हणाल्या. मागच्या दारानं कृष्णा वेळीप उतरला. "हे आजोबा उळवीच्या बसमधून उतरले. मी यांनाच पत्ता विचारला, तर म्हणाले, मला बी तिथंच जायचंय."

मॅडम धुराचा माग काढत घरामागे आल्या. त्यांनी चष्मा बदलला, भिंग काढलं आणि टांगलेल्या बंदुकीकडे बघितलं. बंदुकीवरून एक थेंब चुलीत पडला आणि चर्र झालं.

"गुरुदास, हात दाखवा."

गुरुदासनं हात पुढं केले. मनात एक खोटं तयार होतं, पण कोपरापर्यंतच्या निळ्या हातांनी ते सांगता येईना. त्यानं सगळं सांगितलं. प्रयोगवहीत लिहावं तसं, वेळेसकट : राख, चिंच, ब्रश, खोबरेल, धूर, हिरडा. "मॅडम, आज सकाळी आठपर्यंत ती मूळ स्थितीत होती," तो शेवटी म्हणाला.

"आलेच आहे तर साक्ष घेऊन जाते," मॅडम म्हणाल्या आणि म्हाताऱ्याकडे वळल्या. "आजोबा, तुमच्याकडे असताना हिला कधी कुणी हात लावला होता?"

"हात न लावून कसं चालंल ओ?" कृष्णा वेळीप म्हणाला. "दर खंडेनवमीला घासायचीच. चिंच, राख, वर खोबरेल. आमची म्हातारी घासायची. ती गेली तवापास्नं मी. लख्ख करून पूजायची, मग भात कापणीपर्यंत वांदरं हाकलायची, आनि परत चुलीवर."

"दर वर्षी?"

"साठ वर्सं. एक बी चुकलं न्हाई."

गुरुदासनं बोटं मोजली. गेल्या कापणीपासून मेपर्यंत. इतिहास म्हणून जपलेला तो थर सहा महिन्यांचा होता.

"आजोबा, हे मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं, पुता? आलास तो वर बघून डोळं पुसायला लागलास. मी म्हटलं, पोराचा जीव जडलाय, नेऊ दे."

मॅडमनी बंदूक उतरवून घेतली. एका कोपऱ्यातला हिरडा पुसून त्या भिंगातून बघत राहिल्या. "ओरखडे आहेत," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज चढत गेला. "शेकडो. सगळे एकाच दिशेनं. गुरुदास, हे बघा, जुने आणि आजचे वेगळे ओळखता येत नाहीत. असं मी पहिल्यांदा बघते. घासणं हीच हिची मूळ स्थिती आहे. आत्तींनी केलं ते अगदी बरोबर."

"म्हणजे पेटीत जाईल?"

"हिरडा निघाला तर. साठ वर्षांत हिला न लागलेली वस्तू ती एकच, आणि ती तुम्ही लावलीत."

सगळ्यांनी आत्तीकडे बघितलं. आत्तीनं घाई केली नाही. पदर खोचला, पाट सरकवला, बसली. "सकाळी तोंड वाकडं केलंवतंस," ती गुरुदासला म्हणाली. "चिंच कोळ. आनि पाणी जरा धार धरून वत, न्हाईतर पुन्यांदा बिघडवशील."

चिंच लागताच निळा रंग वितळून ओघळला. खालून पोलाद वर येऊ लागलं. गुरुदास पाणी ओतत होता, हसत होता आणि मधूनच शिव्या खात होता. मॅडम वहीत लिहीत होत्या : स्थिती, मूळ. राखणदार, पारूआत्ती.

आत्तीचा हात मधेच थांबला. "मॅडम, तुमच्याकडं अशा किती हाईत?"

"एक्केचाळीस," मॅडम अभिमानानं म्हणाल्या. "वीस वर्षांत मी कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही."

आत्तीनं कृष्णा वेळीपकडे बघितलं. म्हाताऱ्यानं खेदानं मान हलवली.

"वीस वर्सं," आत्ती म्हणाली. "आनि आज खंडेनवमी. रक्षा, चिंचेची बरणी मॅडमच्या गाडीत ठेव. मी लुगडं बदलून येते."

मॅडमनी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली.