टेबलाला रफू

मास्तरांचं म्हणणं असं, की दुरुस्ती कुणालाही जमते. दुरुस्ती झाली आहे हे कुणाला कळू न देणं, ही खरी विद्या. आणि ती विद्या अख्ख्या गल्लीत त्यांच्या एकट्याकडे आहे!

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. दुकान बंद करून घरी बसले तरी गळ्यातली टेप काही उतरली नाही. दारात पाहुणा आला, की आधी त्याची कॉलर उलटून आतली शिवण बघायची आणि मग 'बसा' म्हणायचं, ही त्यांची रीत. बाहेरून काय, सगळेच कपडे साहेब असतात. कारागीर कसा आहे ते आतून कळतं, असं ते सांगत. पाहुणे बिचारे मान वाकडी करून ऐकून घेत.

तर अशा या मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर इस्त्री केली.

करायची नव्हती. बायकोनं हजारदा बजावलं होतं. टेबल तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी केलेलं. दादा सुतार. घरातलं कपाट, पलंग, टेबल, सगळं त्यांच्या हातचं. त्यातलं टेबल शेवटचं. ते झालं आणि दादांचे हात थरथरायला लागले. रंधा जो खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. त्यामुळे बायको त्या टेबलाला टेबल म्हणतच नसे. "दादांच्यावर ओला पेला ठेवू नका. दादांच्यावर कोपरं टेकून बसू नका." नव्या माणसाला वाटे, घरात कुणीतरी आडवं झोपलेलं आहे.

त्या दिवशी सकाळी ती खुद्द दादांनाच आणायला गेली. मधे त्यांची तब्येत बरी नव्हती, बऱ्याच दिवसांत येणं झालं नव्हतं. आता चार दिवस राहायला यायचे होते. जाताना तिनं दारातून दोनच गोष्टी सांगितल्या. घर जसं आहे तसं राहू द्या, आणि इस्त्री खाली बसून करा.

मास्तरांनी दादांसाठी गुपचूप एक कोट शिवला होता. उत्तम लोकरी कापड, आतून रेशमी अस्तर, काजं हातानं केलेली. शेवटची इस्त्री तेवढी राहिली होती. खाली बसायचं म्हटलं तर मास्तरांचे गुडघे वाजतात, आणि एकदा बसले की उठवायला माणूस लागतं. माणूस तर दादांना आणायला गेलेलं. म्हणून मास्तरांनी टेबलावर जुनी चादर अंथरली, कोटावर ओलं फडकं घातलं आणि वाफ काढत झकास इस्त्री फिरवली. कोट असा बसला, की आत माणूस नसतानाही रुबाबदार दिसायला लागला.

मग त्यांनी चादर उचलली.

टेबलावर पांढरा ढग उतरला होता. साधासुधा नव्हे, थेट इस्त्रीच्या आकाराचा, पुढे नाक काढलेला. खाली सही करायची तेवढी बाकी होती.

मास्तर आधी घाबरले नाहीत. तेल चोळलं. ढग चकचकीत झाला. मग दंतमंजन घेऊन घासला. ढग गेला, पण जाताना आपल्याबरोबर पॉलिशही घेऊन गेला. आता तिथं उघडं, फिकं लाकूड दिसत होतं आणि टेबलाला सकाळी दात घासल्यासारखा वास येत होता. आता मात्र मास्तर घाबरले. दादांकडून पुन्हा पॉलिश करून घेण्याचे दिवस गेले होते. दादांनी ते टेबल पाहिलं असतं तर बोलले काहीच नसते. ते बोलत नाहीत, नुसतं बघतात. आणि ते बघताना बायकोचा चेहरा कसा झाला असता, याचा विचारही मास्तरांना करवेना.

शेजारी एक घड्याळजी राहतात. मास्तरांनी त्यांना हाक मारली. ते डोळ्याला भिंग लावूनच आले, टेबलावर ओणवे झाले आणि घड्याळ कायमचं बंद पडल्याचं गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात म्हणाले, की बाजारातलं पॉलिश आणाल तर रंग जुळायचा नाही, ठिगळ लांबून दिसेल. हे जुनं लाखेचं काम. त्याला लागेल ते ह्यातलंच. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट माझ्याकडे आहे, पण लाख कुठून आणणार?

'ह्यातलंच' हा शब्द ऐकला आणि मास्तरांचे डोळे लकाकले. हे तर रफू! कोटाला भोक पडलं तर मास्तर बाजारातून दोरा आणत नसत. कोटाच्याच आतल्या शिवणीतून, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथून, दोरे ओढून घेत. रंग जुळणारच, कापड त्याच घरचं. मग टेबलाला वेगळा न्याय कशाला?

उठवायला आता घड्याळजी होते, म्हणून मास्तर बेलाशक टेबलाखाली शिरले. पायांच्या आतल्या अंगाला दादांनी वरच्याइतकंच मन लावून पॉलिश केलेलं होतं. तिथं कोण बघायला जातंय? आखल्याशिवाय मास्तरांचा हात चालत नाही, म्हणून आधी शिवणाच्या निळ्या खडूनं सरळ रेघा मारल्या, मग जुन्या पात्यानं अलगद खरवडायला सुरुवात केली. वाटीत तांबूस पापुद्रे पडू लागले. पण डाग मोठा, पाय बारीक. पुरेना. मग कपाटाची भिंतीकडची बाजू आठवली. कपाट जोर लावून सरकवलं, आखलं, खरवडलं, परत लावलं. तरी जरा कमीच. मग पलंगाच्या उशाची मागची फळी. मास्तरांना आता गोडी लागली होती. घरात आणखी काही दादांच्या हातचं असतं तर तेही सोललं असतं.

पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळले, तलम फडक्यातून गाळले. कापसाची पुरचुंडी त्यात बुडवून मास्तरांनी ती डागावर हलकी हलकी फिरवली. वाळू दिलं, पुन्हा फिरवली. दुपार कलेपर्यंत ते तसेच वाकून होते. अखेर उभे राहिले तेव्हा कमर वाकडी झाली होती, पण टेबल सरळ होतं. डाग नव्हता. घड्याळजींनी भिंग लावून शोधला आणि हात जोडून घरी गेले.

संध्याकाळी बायको दादांना घेऊन आली. अंगात मास्तरांनीच पूर्वी शिवलेला कोट, हातात काठी. दादा आत आले ते सरळ टेबलापाशी. थरथरता तळवा त्यांनी टेबलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. डागाच्या जागेवरून तो हात जराही न अडखळता पुढे गेला.

"जपलंय हो मास्तर तुम्ही," दादा म्हणाले.

मास्तरांची छाती अशी फुगली, की स्वतःच लावलेल्या बटणांची त्यांना काळजी वाटली. बायकोनं नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं. असं ती क्वचित बघते.

मग दादा खुर्चीवर बसले आणि त्यांचा हात आपसूक टेबलाखाली गेला. मास्तरांचा कॉलरकडे जातो तसा. बाहेरून काय, सगळंच फर्निचर साहेब असतं.

"हे काय लागतंय हाताला?"

"उंदीर," मास्तर म्हणाले. तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना.

बायकोचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. आपल्या घरात उंदीर? कधीपासून? सांगितलं का नाही? आणि मग तिला कपाटातले कपडे आठवले. तिनं सगळं कपाट बाहेर काढलं. एकाही कपड्याला दात लागलेला नव्हता. म्हणजे तो नक्की मागच्या बाजूला असणार! मास्तरांनी सांगून पाहिलं, की कपाट जड आहे, आपली कमर धरली आहे, उंदीर आता झोपलाही असेल. पण दादा काठी टेकत उठले आणि बहीणभावांनी मिळून कपाट सरकवलं.

दादांनी चष्मा लावला. "इथंही येऊन गेलाय. पण मास्तर, उंदीर लाकूड कुरतडतो. ह्यानं नुसतं पॉलिश खाल्लंय. लाकडाला ओरखडा नाही."

"दात पडले असतील," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "म्हातारा असेल."

"म्हातारा दिसतोय खरा."

कपाटामागे नाही म्हणजे बीळ पलंगामागे, असं बायकोनं ठरवलं. पलंग ओढला गेला. दादा काठीवर भार देऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मास्तरांना वाटलं, आता भिंत दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं.

"मास्तर," दादा शांतपणे म्हणाले, "या उंदरानं खायच्या आधी खडूनं आखून घेतलंय. आणि कडेला शिवणीपुरतं सोडलंही आहे."

बायको वाकून निळ्या रेघांकडे बघत राहिली. मग वळून तिनं नवऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या निळ्या खडूकडे बघितलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. इस्त्री, ढग, दंतमंजन, रफू. सांगताना ते टेपशी चाळा करत होते.  बायको नवऱ्याकडे नव्हे, भावाकडे बघत होती. दादा काठी टेकत टेबलापाशी गेले. 

"डाग कुठं होता?"

मास्तरांनी बोट ठेवलं. मग ते बोट थोडं डावीकडे नेलं. मग पुन्हा उजवीकडे. खरं सांगायचं तर आता त्यांनाही सापडेना. दादा खाली वाकले, उजेडाच्या अंगानं तिरपं पाहिलं, नखानं चाचपलं. 

"मला वाटायचं," दादा म्हणाले, "ह्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरला तर मला झोपेतही कळेल." ते सरळ झाले. "नाही कळलं. रफू चांगलंय, मास्तर."

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं, उगीचच, टेबलही पुसलं.

मास्तर आनंदानं आतून नवा कोट घेऊन आले. म्हणाले, काढा तो जुना, हा घालून बघा. पण दादा एकदम मागे सरकले. जुनाच बरा आहे, म्हणाले. गार वाटतंय. अंगातच राहू दे. मास्तर कुठले ऐकतात! त्यांनी एक बाही काढली, दुसरी काढली, आणि सवयीप्रमाणे कोट उलटा केला.

कोट उलटा होईना. आतून तो फळीसारखा कडक होता. फाटलेलं अस्तर काठाकाठानं घट्ट चिकटवलेलं होतं. मास्तरांनी वास घेतला. सुतारकामाचा सरस. त्यावर फळ्या दाबून धरायचा शिकंजा आवळल्याचे दोन चौकोनी वळही होते.

"दादा, हे काय लागतंय हाताला?"

दादा खिडकीबाहेर बघू लागले. "उंदीर," ते म्हणाले.

मग हळूच सांगितलं, की हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. आणि तुमच्या हातचं काम दुसऱ्या शिंप्याकडे न्यायला मन होईना.

मास्तरांनी त्या कडक कोटावरून तळवा फिरवला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना फार वाटत होतं. "जोड पक्का आहे," ते म्हणाले. "रंधा मारला असता तरी चाललं असतं."

बायकोनं ताटं वाढायला घेतली. स्वयंपाकघरातूनच तिनं आवाज दिला, "दोन्ही उंदरांनी हात धुऊन जेवायला या. आणि दादांच्यावर कोपरं टेकायची नाहीत."

टेबलाशी येऊन बसलेल्या दोन्ही म्हाताऱ्यांनी आपापली कोपरं मुकाट्यानं उचलली. दादांनी आधी.