गेलं का, पोचलं का, थांबलीस का

भोईर सर टपरीवर "एक कटिंग" म्हणाले, की चहावाला "हो" म्हणेपर्यंत जागचे हलत नाहीत. शेअर रिक्षातही "स्टेशन" म्हटल्यावर ड्रायव्हरने मान हलवली का, हे वाकून बघतात. एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "चाचा, लिखके दूँ क्या?" सर म्हणाले, "दिलंस तर बरंच होईल."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या एका कारखान्याच्या माळ्यावर ते जावा प्रोग्रॅमिंग शिकवतात. खाली मशिनी सुरू झाल्या की आमची बाकंही थरथरतात. कुठलीही अडचण सांगा, सरांचे प्रश्न तीनच: "गेलं का? पोचलं का? थांबलीस का?" आणि निघताना प्रत्येकाला, "घरी पोचलात की कळवा." जिन्यात आम्ही त्यांची नक्कल करायचो. कळवलं मात्र कुणीच नाही.

प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी माझा प्रोग्रॅम मुका झाला. आमच्या बुवापाड्यात आज पाणी किती वाजता येणार, हे तो सर्व्हरला विचारून सांगायचा. आता एरर नाही आणि उत्तरही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्ष वाया गेलं तर घरी काय सांगायचं, मला सुचत नव्हतं.

सरांनी सर्व्हरची नोंद उघडली. विनंती आली होती, उत्तरही पाठवलं होतं. म्हणजे गेलं, पोचलं.

"मग उत्तर घ्यायला कोण होतं?"

कुणीच नव्हतं. विनंती मी असिंक पाठवली होती, म्हणजे उत्तरासाठी न अडता पुढे जाणारी. पुढे ओळीच नव्हत्या, म्हणून उत्तर येण्याआधीच प्रोग्रॅम संपून बंद होत होता.

"तुझ्यावरच गेलाय," सर म्हणाले. "तूही शंका विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत 'सॉरी सर' म्हणत जिना उतरतेस."

खरं होतं. कॉलेजच्या ऑफिसातही मी खिडकीत अर्ज सरकवते आणि पळते.

प्रोग्रॅमच्या शेवटी मी एक 'जॉइन' लिहिला, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबायचं. सरांनी त्यावर दहा सेकंदांची मर्यादा घालायला लावली. तेवढ्यात नाही आलं, तर तसं स्पष्ट छापायचं. स्क्रीनवर उमटलं: पाणी साडेपाचला. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोरही ते उमटलं आणि मी पास झाले.

पण आदल्या संध्याकाळी क्लासचा जिना उतरताना खालच्या कारागिराने मला हटकलं. "तुम लोग मेसेज क्यूँ नहीं करते? सर रोज छुट्टी के बाद देर तक ऊपर फोन सामने रखके बैठते हैं. घर पे भी कौन है उनका."

स्वतःसाठी सरांनी काही मर्यादा घातलेली दिसत नव्हती.

बुवापाड्यात पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी लिहिलं, "सर, पोचले." आणि फोन पिशवीत न टाकता दारातच थांबले.

लगेच उत्तर आलं. "मिळालं. आता क्लासचं शटर ओढतो."