हरल्यावर पेढे वाटणारे शेजवलकर भाऊजी

जरा जवळ या बरं. आणि आधीच सांगते, "अमेरिकन फुटबॉल? आम्हाला नाही कळत," म्हणून पान उलटू नका. मलाही कळत नव्हतं. साठी उलटल्यावर शिकले मी, तुम्हाला काय धाड भरली आहे? बसा नीट.

इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, आमच्या वरच्या मजल्यावर शेजवलकर भाऊजी राहतात. गाड्यांच्या कारखान्यात जन्म गेला, लग्न केलं नाही, आता निवृत्त. तर हे भाऊजी त्यांची टीम हरली की पेढे वाटतात. हो, हरली की! दूध पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये केलेले, प्रत्येक दारात.

पहिल्यांदा मी विचारलं, "अहो भाऊजी, हे कसले?"

"हरलो, वहिनी! सपाटून!"

"मग पेढे?"

"जिंकल्यावर कोणीही वाटतो. तोंड कडू कोणाचं होतं? हरलेल्याचं. गेनाऊ?"

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. भाऊजी ते वाक्याच्या शेवटी नारळ आपटावा तसं आपटतात. समोरच्याने मान हलवली नाही तर पुन्हा आपटतात.

त्या मोसमात टीम इतकी हरली, इतकी हरली, की तळमजल्यावरच्या फ्राऊ श्मिट जिन्यात भाऊजींची पावलं वाजली की आतून कडी लावायच्या.

टीमचं नाव मी सांगत नाही. हरलेल्याची आणखी शोभा कशाला? पण गल्लीतली नव्हे हं, पगारी खेळाडूंची, युरोपभर सामने खेळणारी. चेंडू फेकणारा मुख्य गडी तर अमेरिकेहून आणलेला. ट्रेव्हर त्याचं नाव. दिसायला राजबिंडा, फेकायचा मात्र नेमका दुसऱ्यांच्या हातात.

भाऊजींनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा सगळा खेळ कबड्डीवरून समजावला. "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही सरकलो तर चेंडू त्यांचा. बाकी सगळी पकडापकडी." कोच पोरांना नीट सांगत नाही असं त्यांचं ठाम मत, म्हणून ते स्वतः सांगायचे. मराठीतून! "अरे गधड्या, कमरेत धर, कमरेत! पायात काय शोधतोयस?" आमच्या पुढच्या रांगेत क्लाऊस नावाचा एक आडदांड जर्मन बसायचा. तोही "धर! धर!" ओरडायला शिकला. मी म्हणायचे, "भाऊजी, हळू." आणि पुढच्याच मिनिटाला माझाच आवाज त्यांच्याहून वर!

शेवटच्या सामन्याआधी मालकाने जाहीर केलं, हाही हरलात तर टीम बंद. पुढच्या वर्षी काही नाही. भाऊजींचा चेहरा उतरला. जिन्यातच मला म्हणाले, "वहिनी, दृष्ट लागलीय पोरांना. मिरच्या आहेत का घरात?"

दिल्या मी. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. मला काय ठाऊक, हे स्टेडियमवर घेऊन जाणार!

टीमची बस पार्किंगमध्ये येऊन थांबली आणि भाऊजींनी मूठ वळून उतरवायला सुरुवात केली. आता माणसावरून उतरवणं वेगळं, बस केवढी! शेवटी बसभोवतीच फेऱ्या घालायला लागले, तोंडाने "इडा पिडा टळो" चाललेलं. खिडकीतून पोरं टाळ्या वाजवताहेत. क्लाऊस तिथेच जाळीवर सॉसेज भाजत होता. भाऊजींनी मूठ सरळ त्याच्या निखाऱ्यांवर सोडली!

असा ठसका उठला म्हणता! क्लाऊस पळाला, बसमधून उतरणारे ते पहाड पहाड खेळाडू शिंकायला लागले, आणि पिवळ्या जाकिटातला रखवालदार "पिरोटेक्निक! पिरोटेक्निक!" ओरडत धावला. त्याला वाटलं, आम्ही फटाके पेटवले.

भाऊजी मात्र डोळे पुसत विचारात पडलेले. "वहिनी, ठसका लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच! मग हरतो कशाने?"

"अहो, खेळता येत नाही म्हणून!"

पण त्या दिवशी खेळली हो पोरं! शेवटच्या मिनिटाला आपण फक्त चार गुणांनी मागे. रेषेपलीकडे चेंडू गेला की सहा गुण, जिंकलोच. मी खुर्चीवर उभी! गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, माझ्या मुलाला सांगू नका. ट्रेव्हरने फेकला, लांबच लांब, आणि आपल्या गड्याने कोपऱ्यात झेप घेऊन झेलला! झेलला! भाऊजींनी मला मिठीच मारली. क्लाऊसने आम्हा दोघांना.

पंच हात हलवत होता. झेलताना एक पाय बाहेर पडला होता. संपलं.

खेळाडू निरोप घ्यायला कठड्यापाशी आले. ट्रेव्हर हेल्मेट पोटाशी धरून हुंदके देत होता. सबंध मोसम ज्याला गधडा म्हटलं, त्याच्या डोक्यावरून भाऊजींनी हात फिरवला. मराठीतच म्हणाले, "घरी जा बाळा. आईच्या हातचं जेव."

क्लाऊस सवयीने म्हणाला, "बिस झोन्टाग." रविवारी भेटू. बोलून गेला आणि लक्षात आलं, आता रविवार कुठला! मग भाऊजींचा खांदा दाबून निघून गेला.

परतीच्या गाडीत भाऊजी खिडकीशी जाऊन बसले. आमचं स्टेशन यायच्या जरा आधी, खिडकीतून बाहेर बघत, अगदी हळू म्हणाले, "वहिनी... रविवारी दुपारी तुमच्याकडे काय असतं?"

मी म्हटलं, "वरणभात. बाराला पान वाढते. उशीर केलात तर बोलणी खाल."

आता येतात दर रविवारी. वेळेवर, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट. माझ्या नातवाला कबड्डी शिकवतात, मिठाला नावं ठेवतात. तरी हात धुतले की जरा वेळ खिडकीशी उभे राहतात, ते मला दिसतं.

म्हणून म्हणते, आमच्याकडे या हो लवकर. रविवारीच या, आणि हसत-भांडत या. चार माणसं जमली की भाऊजींचा आवाज चढतो, आणि मला तो चढलेलाच बरा वाटतो.